परसातील भुंगेरे : ओळख आणि बंदोबस्त

भुंगा म्हटला की काव्याच्या वाचकाला कमळ आठवते. बागायतदाराच्या डोळ्यांपुढे मात्र निराळेच चित्र उभे राहते : माडाच्या शेंड्यातून बाहेर आलेला चोथा, कात्रीने कापल्यासारख्या झावळ्या आणि वांग्याच्या पानांची झालेली चाळण. काव्यातील भ्रमर हा मधमाशीच्या गोत्रातला. परसात नुकसान करणारे भुंगेरे हे अगदी वेगळ्या कुळातील कीटक होत. त्यांच्या पंखांची पुढील जोडी टणक होऊन पाठीवर ढालीप्रमाणे बसलेली असते आणि उडण्याचे पातळ पंख त्या ढालीखाली घडी घालून ठेवलेले असतात. ही ढाल दिसली की तो भुंगेरा, एवढी खूण लक्षात ठेवल्यास पहिली पायरी झाली.

गोमंतकातील घराचे परस म्हणजे लहानसे शेतच. चार-दोन माड, एखादा आंबा किंवा फणस, विहिरीच्या कडेला केळी, पावसाळ्यात मांडवावर चढलेली दोडकी, पडवळ, काकडी आणि अंगणाच्या टोकाला वांगी-मिरचीची रोपे. या परसातून रोजच्या स्वयंपाकाला नारळ आणि भाजी मिळते. येथे कीड पडली की कुटुंबाच्या ताटावर तिचा परिणाम होतो, आणि चुकीचे औषध मारले तर तेही त्याच ताटात येते.

कीड दिसताच औषधाच्या दुकानाकडे धाव घेण्याची आपली सवय आहे. तत्पूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हा भुंगेरा कोण? आणि हा जन्मला कोठे? भुंगेऱ्याच्या आयुष्यात अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. पानावर किंवा शेंड्यात आपल्याला जो दिसतो तो चौथ्या अवस्थेतील प्रौढ होय. त्याच्या आधीच्या तीन अवस्था पुष्कळदा दुसऱ्याच जागी, आपल्या नजरेआड गेलेल्या असतात. ती जागा सापडली तर बंदोबस्त सोपा, स्वस्त आणि निर्धोक होतो. आपल्या परसात नेहमी आढळणाऱ्या चार शत्रूंचा आणि एका मित्राचा विचार या दृष्टीने येथे केला आहे.

गेंड्या भुंगा

हा काळा, चकाकणारा, साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा दांडगा भुंगेरा आहे. डोक्यावर गेंड्याप्रमाणे शिंग असते म्हणून त्याला हे नाव पडले. नराचे शिंग अधिक लांब असते. रात्री तो माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेली कोवळी झावळी पोखरून तिचा रस शोषतो. चघळलेला चोथा भोकातून बाहेर येतो. ती झावळी पुढे उमलते तेव्हा तिची पाती दोन्ही बाजूंनी पंख्यासारखी तिरकी कापलेली दिसतात. शेजारच्या रस्त्यावरूनही ओळखता येईल अशी ही खूण आहे. पोय कोवळी असताना पोखरली गेली तर नारळही कमी धरतात. लहान कवाथ्याचा कोंबच खाल्ला गेला तर रोप मरते.

आता दुसरा प्रश्न : हा जन्मला कोठे? उत्तर बहुधा आपल्याच दारात सापडते. मादी आपली शंभर-दीडशे अंडी शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात, किंवा कुजत पडलेल्या माडाच्या ओंडक्यात घालते. सुमारे दहा दिवसांत अंडी फुटतात. पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची आणि इंग्रजी सी अक्षराप्रमाणे वळलेली अळी तीन ते सहा महिने त्या खतातच राहते. ती कुजलेला पालापाचोळा खाते, कोणत्याही पिकाच्या वाटेला जात नाही. त्यामुळे खत उपसताना ती दिसली तरी आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. हीच निरुपद्रवी दिसणारी अळी पुढे कोषातून बाहेर पडून माडाच्या शेंड्यावर जाते.

यावरून उपाय ओघानेच येतात. अळी निदान तीन महिने खतात राहते, म्हणून दर दोन महिन्यांनी खतखड्डा वरखाली करावा. सापडलेल्या अळ्या व कोष नष्ट करावेत. घरी कोंबड्या असतील तर त्या हे काम आनंदाने करतात. मेलेल्या माडाचे खोड व बुंधा परसात कुजत ठेवू नये, चिरून वाळवावा आणि जळणाला वापरावा. किनाऱ्यालगतच्या गावांत मासेमारीची जुनी जाळी सहज मिळतात. बारीक छिद्रांच्या जाळ्याचा तुकडा खतखड्ड्यावर सैलसर पसरल्यास आत येणारे आणि बाहेर पडणारे भुंगेरे त्यात अडकतात.

माडावर चढलेला पाडेली दर खेपेस शेंडा पाहून येईल, असे त्याला आवर्जून सांगावे. भोकात भुंगा असेल तर टोकाला वळवलेल्या लोखंडी तारेने तो ओढून काढावा. नंतर शेंड्याजवळील वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून भरावी. हे काम वर्षातून तीन वेळा करावे : पावसापूर्वी मे महिन्यात, पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत. लहान कवाथ्यांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून त्यांवर वाळू घालावी आणि दर दीड महिन्याने त्या बदलाव्यात. या गोळ्या विषारी असतात, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

गेंड्या भुंग्याचे नैसर्गिक शत्रूही आहेत. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खतातील अळ्यांना रोग लावून मारते. कीटकांविरुद्ध बुरशी वापरण्याची कल्पना जुनी आहे. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांनी १८७९ मध्ये गव्हावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांवर याच बुरशीचा अभ्यास केला होता. दुसरा शत्रू म्हणजे एक विषाणू. हा भुंगा १९०९ मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर पोचला आणि तेथील माडांची त्याने दैना केली. १९६३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ह्यूगर यांना मलेशियात या भुंग्याला होणारा विषाणूजन्य रोग सापडला आणि १९६७ मध्ये तो विषाणू सामोआत सोडल्यावर तेथील उपद्रव आटोक्यात येऊ लागला. आपल्याकडेही बुरशी व विषाणू या दोहोंचा उपयोग होतो. त्याविषयी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करावी. रोपे आणि खत यांबरोबर कीड प्रवास करते, हा सामोआच्या हकिकतीतील धडा मात्र प्रत्येकाने घ्यावा. बाहेरून आणलेले शेणखत परसात टाकण्यापूर्वी पसरून पाहावे.

सोंड्या भुंगा

गेंड्याच्या उपद्रवाने मोठा माड सहसा मरत नाही. मग त्याची एवढी चिंता का करावी? कारण त्याने केलेल्या जखमेतून सोंड्या आत शिरतो, आणि सोंड्या माडाचा जीव घेतो.

हा तांबूस तपकिरी, साडेतीन सेंटिमीटरपर्यंत लांबीचा भुंगेरा. तोंडापुढे लांब वाकडी सोंड आणि मानेमागील भागावर काळे ठिपके, ही त्याची ओळख. गेंड्याचे बालपण खतात जाते, सोंड्याचे मात्र सारे आयुष्य माडाच्या आत जाते. मादी खोडावरील किंवा शेंड्यावरील ताज्या जखमेत दोनशे-तीनशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत पाय नसलेल्या पांढऱ्या अळ्या बाहेर पडून खोडाचा गाभा खाऊ लागतात, आतच तंतूंचा कोष विणतात आणि तीन-चार महिन्यांत नवी पिढी तयार होते. एकाच माडात सर्व अवस्था एका वेळी सापडू शकतात. वरून मात्र माड हिरवागार दिसतो. शेंडा कलला आणि कोसळला म्हणजेच पुष्कळांना रोग कळतो. तोवर वेळ निघून गेलेली असते.

माड धरू लागतो पाचव्या ते सातव्या वर्षी, आणि नीट राखला तर साठ वर्षेही फळ देतो. सोंड्याचा जोर नेमका पाच ते वीस वर्षांच्या माडांवर अधिक असतो. वडिलांनी लावलेला माड मुलाच्या हाती यावा त्याच सुमारास तो जातो.

म्हणून लक्षणे लवकर ओळखावीत. खोडावर लहान भोके आणि त्यांतून झिरपणारा तपकिरी चिकट रस, भोकातून बाहेर आलेला चघळलेला भुसा, आतल्या झावळ्यांचे पिवळे पडणे, ही ती लक्षणे होत. शांत वेळी खोडाला कान लावल्यास अळ्यांच्या कुरतडण्याचा आवाजही ऐकू येतो. यांपैकी काहीही आढळले तर स्वतः प्रयोग न करता त्याच आठवड्यात कृषी अधिकाऱ्याला कळवावे. आरंभीच्या अवस्थेत खोडात औषध सोडून माड वाचविता येतो, पण औषध कोणते, किती आणि कसे, हे जाणकारानेच सांगावे. उपचार झाल्यावर नारळ किती दिवस काढू नयेत तेही विचारून घ्यावे. माड मेलाच असेल तर वृक्षतोडीसंबंधीचे नियम पाहून तो पाडावा, चिरावा आणि आतील किडीसह जाळून टाकावा. मेलेला माड उभा ठेवणे म्हणजे वाड्यातील सर्व माडांवर सोंड्या सोडणे होय.

सोंड्याचा खरा बंदोबस्त जखम टाळण्यात आहे. माडावर चढण्यासाठी खोडात खाचा पाडू नयेत. हिरवी झावळी तोडावी लागली तर खोडालगत कोयता न चालविता सव्वा मीटर देठ राखून तोडावी. जखम झालीच तर तिच्यावर डांबर किंवा मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावावे. गेंड्याला शेंड्यात शिरू न देणे हाही याच बंदोबस्ताचा भाग आहे. अशा रीतीने खतखड्ड्यातील दुर्लक्षित अळी आणि कोसळलेला माड यांचा संबंध जोडला जातो.

ही कीड मूळची दक्षिण व आग्नेय आशियातील. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती आखाती देशांत पोचली आणि तेथील खजुराच्या बागांना तिने ग्रासले. कीड लागलेली रोपे एका जागेहून दुसऱ्या जागी नेल्याने ती पसरली. परसात लावण्यासाठी माडाचे रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे, हे यावरून पटेल.

वेलींवरील तांबडे भुंगेरे

पावसाच्या आरंभी काकडी, दोडकी, भोपळा यांची रोपे जमिनीतून डोके वर काढतात तोच नारिंगी-तांबड्या रंगाचे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे भुंगेरे त्यांच्यावर उतरतात. पहिल्या दोन जाड पानांना भोके पाडून दोन दिवसांत रोप संपवितात. कारल्याच्या वाटेला ते सहसा जात नाहीत.

यांचा जन्म वेलीच्या बुंध्याजवळील ओल्या मातीत होतो. तेथे अंडी फुटून अळ्या मुळे कुरतडतात आणि जमिनीला टेकलेल्या फळांतही शिरतात. म्हणून हंगाम संपताच जुने वेल उपटून टाकावेत आणि ती जागा खोल खणून माती उन्हात तापू द्यावी. फळे मांडवावर चढवावीत किंवा खाली पेंढा घालावा.

रोपाला धोका असतो तो पहिले काही दिवस. चार-सहा खरी पाने आली की वेल नुकसान सोसू शकतो. तोवर रोपावर जुन्या मच्छरदाणीचे कापड काठ्यांच्या आधाराने घालावे. पहाटे दव असताना भुंगेरे सुस्त असतात. त्या वेळी ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दवाने ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरविणे हा आपल्या आजीच्या काळचा उपायही उपयोगी पडतो. पाऊस आला की राख धुऊन जाते, तेव्हा ती पुन्हा टाकावी लागते. प्रत्येक आळ्यात दोन बिया अधिक लावणे, ही स्वस्तातली विमाच समजावी.

ठिपकेवाले दोन भाऊ

वांग्याच्या पानांवर आढळणारा हड्डा भुंगेरा आणि मावा खाणारा ढालकिडा हे एकाच कुळातील. दोघेही अर्धगोल, दोघांच्याही पाठीवर ठिपके, दोघांचीही पिवळी अंडी पुंजक्याने उभी रचलेली. शहरात ज्याला लेडीबर्ड म्हणतात तो ढालकिडा आपला मित्र आहे. या दोघांत फरक न केल्यामुळे पुष्कळ परसांत शत्रूबरोबर मित्रही मारला जातो.

हड्डा भुंगेऱ्याचा रंग मळकट, तांबूस पितळी. अंगावर बारीक लव असल्यामुळे तो चमकत नाही. पाठीवर बहुधा अठ्ठावीस काळे ठिपके असतात. त्याची अळी पिवळी, मंद चालणारी आणि अंगावर फाटे फुटलेल्या मऊ काट्यांची असते. अळी व भुंगेरा दोघेही पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, मागे शिरांची जाळी राहते.

ढालकिडा मात्र रंगविलेल्या लाकडी मण्यासारखा गुळगुळीत आणि चकचकीत असतो. तो चपळपणे धावतो आणि जेथे मावा असतो तेथे दिसतो. त्याची अळी काळपट करडी, नारिंगी ठिपक्यांची आणि इवल्याशा सुसरीसारखी असते. अळी आणि कीटक दोघेही दिवसाकाठी डझनावारी मावा फस्त करतात. ढालकिड्याच्या आणखी एका जातीची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे धागे वागविते आणि पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ही जात १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणली गेली आणि ती पिठ्या ढेकूण खाते. जास्वंदीवरील पिठ्या ढेकणांत एखादी मोठी, चपळ, पांढरी अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नये.

निश्चित ओळख पटत नसेल तर पान पाहावे. पानाची जाळी झाली असेल तर हड्डा, पान शाबूत पण मावा असेल तर ढालकिडा.

हड्डा भुंगेऱ्याची सारी पिढी वांग्याच्या पानाखालीच वाढते, त्यामुळे त्याचा बंदोबस्त परसात हातानेच होतो. आठवड्यातून दोनदा पाने उलटून अंड्यांचे पुंजके असलेले पान तोडून चुरडावे, अळ्या वेचाव्यात. काही अळ्या तपकिरी, फुगीर आणि ताठ झालेल्या आढळतील. त्यांच्या पोटात मित्र गांधीलमाशीची पिल्ले वाढत असतात. अशा अळ्या तशाच राहू द्याव्यात. उपद्रव फार असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळ्यांच्या बिया कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळाव्यात, एकूण पाणी दहा लिटर करावे आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे.

औषधांविषयी दोन शब्द

पुष्कळ घरांत जुन्या शेतकी पुस्तिका जपून ठेवलेल्या असतात. माडाच्या शेंड्यात बी.एच.सी. भुकटी टाकण्याची शिफारस त्यांत आढळते. ती आता पाळू नये. बी.एच.सी. वर १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले, आणि कार्बारिलचा शेतीतील वापर २०१८ मध्ये बंद करण्यात आला. कोठारात जुना डबा असेल तर तो विहिरीत, ओढ्यात किंवा कचऱ्यात न टाकता कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

दुकानातील प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम. फवारणीनंतर किती दिवस पीक काढू नये तेही वेष्टनावर लिहिलेले असते. परसातील वांगी आपण दोन दिवसांआड तोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथे रासायनिक औषध का टाळावे ते वेगळे सांगावयास नको.

वाड्याचे काम

भुंगेरा गडगा ओळखत नाही. एका घरचा खतखड्डा स्वच्छ आणि शेजारच्या परसात ओंडका कुजत पडलेला, अशी स्थिती असेल तर श्रम वाया जातात. कामगंध सापळ्यांचेही तसेच आहे. गंधाच्या वडीने भुंगे ओढून घेणारा सापळा एकट्या घराने लहान परसात लावला तर दूरचे भुंगे आपल्याच माडांवर येण्याचा संभव असतो. सापळे कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, सर्व वाड्याने मिळून आणि माडांपासून थोडे दूर लावावेत, व त्यांत पडलेले भुंगे नियमाने काढून मारावेत.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळेच्या बागेतील हड्डा आणि ढालकिडा काचेच्या दोन बरण्यांत, एकीत वांग्याचे पान आणि दुसरीत मावा पडलेली डहाळी घालून ठेवावेत. कोण काय खातो हे मुले एका दिवसात स्वतः पाहतील आणि घरी जाऊन सांगतील. पंचायत सदस्यांनी एप्रिल-मे महिन्यात एक रविवार ठरवून वाड्यातील सर्व खतखड्डे एकाच दिवशी उपसून घेण्याचा विचार करावा. पावसाच्या आरंभापासून गेंड्याचा उपद्रव वाढतो, तेव्हा हे काम त्यापूर्वी झाले पाहिजे. त्यासाठी लागतात ती साधने प्रत्येक घरी आहेत : एक फावडे, एक टोपली आणि अर्धा दिवस.